ताईची पेटी आणि दोन कंस

सोमवार, ३ तारीख

भाच्याने आज फोनवर पुन्हा तेच टुमणं लावलं. "मामा, आईला संस्थेत ठेवू या. तिथे नर्स असतात, डॉक्टर असतात. तुमच्यानं एकट्यानं किती दिवस होणार?"

मी म्हटलं, "तुझी आई व्हायच्या आधीपासून ती माझी ताई आहे. मी आहे तोवर ती या खोलीतून हलायची नाही. लिहून घे."

त्याने लिहून घेतलं नसणार. म्हणून मीच लिहून ठेवतोय. वही त्यासाठीच काढली.

ताईला झटका आला त्याला वर्ष होत आलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी तिचं ऐकतात. भाच्याचं म्हणणं, तिला आता काही कळत नाही. माझं म्हणणं, कळतं सगळं, बाहेर यायला वाट नाही. ती वाट मी करून दिलीय.

मी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यावर हात शिवशिवायला लागले. रद्दीवाल्याकडे सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, ते घरी आणून एकट्याने डोकं आपटत वाचलं. त्यातून ही पेटी झाली. पाच दिवे, प्रत्येकाखाली एक चित्र: पाणी, दुखतंय, कूस बदला, खिडकी, नको. ताईच्या बोटाखाली एक मऊ रबरी बटण. टिचकी मारली की दिवा पुढच्या चित्रावर सरकतो, शेवटच्यावरून पुन्हा पहिल्यावर. दाबून धरलं की 'हेच हवं'. मग घंटा वाजते, त्या चित्राचा दिवा लुकलुकतो आणि स्वयंपाकघरातल्या पडद्यावर तो शब्द उमटतो. कोणती गोष्ट किती वेळा मागितली, तेही आतल्या आत मोजलं जातं, सकाळी येणाऱ्या सिस्टरसाठी.

'नको' सगळ्यात शेवटी ठेवलंय. नको म्हणायची पाळी मी ताईवर येऊच देत नाही.

सिस्टर पेटी बघून म्हणाली, "काका, 'हो'चा दिवा कुठाय?"

"'नको' नाही म्हटलं की 'हो'च की! एवढी वायर कशाला वाया घालवू?"

"वकील व्हायला हवं होतं तुम्ही," असं म्हणून ती चादर बदलायला लागली.

बुधवार, ५

आज घुबड आली होती. ही ताईची टेलिफोन एक्स्चेंजमधली मैत्रीण. कायम रात्रपाळी मागून घ्यायची, म्हणून हॉलभर बायकांनी हे नाव ठेवलं आणि तिनंही ते मिरवलं. आता भाचा ज्या संस्थेचं नाव घेतो, तिथेच ही बया राहते. त्यामुळे मी तिच्याकडे जरा सावधपणेच बघतो.

आल्या आल्या ताईच्या पलंगावर बसून हिचा पट्टा सुरू. कोणाची कवळी कोणी पळवली, कॅरमवरून कोण कोणाशी अबोला धरून बसलंय. ताईच्या घशातून कसलासा आवाज यायला लागला, डोळ्यांतून पाणी. मी घाबरलो. फार ताण पडतोय असं वाटलं. घुबडाला म्हटलं, "बाई, आता पुरे. तिला विश्रांती हवी."

"अहो धाकटे, हिनं बायकांच्या कलकलाटात जन्म काढलाय. विश्रांतीनं मरेल ती."

"माझ्या घरात तरी मरायची नाही," मी म्हटलं आणि तिला रिक्षापर्यंत सोडून आलो.

परत आल्यावर रस्त्याचा गोंगाट नको म्हणून दार घट्ट लावून घेतलं. तर पेटीवर 'नको'. पुन्हा 'नको'. पुन्हा. सूप आवडलं नसणार. वाटी उचलून नेली, तरी एकदा 'नको' झालंच. उद्या मीठ कमी घालायला हवं.

शुक्रवार, ७

भाचा स्वतः आला. तासभर आमची जुंपली. शेवटी तडजोड अशी ठरली: मंगळवारी डॉक्टरीणबाई येऊन ताईला तपासतील. तिला समज आहे असं त्या म्हणाल्या, तर कुठे राहायचं ते ताई ठरवणार आणि तिचा शब्द शेवटचा. समज नाही म्हणाल्या, तर भाचा ठरवणार.

मी हात पुढे केला. "दे टाळी! मंगळवारी तुझं तोंड बघण्यासारखं होणार आहे."

त्यानं टाळी दिली, पण त्याचा हात गार होता. मुलगा वाईट नाही. ऑफिसात तोही कॉम्प्युटरचंच काम करतो. जाताना माझा प्रोग्रॅम चाळला. "चालतोय छान, मामा. पण केवढी लांबण लावलीय! एका ओळीच्या कामाला वळसे घालत जाताय."

लांबण म्हणे! मनाला लागलं.

रविवार, ९

घे, लांबण काढली.

मोजणीसाठी आत पाच कप्प्यांची रांग आहे, दिव्यांच्याच क्रमाने. p म्हणजे माझं बोट, ते त्यातल्या एका कप्प्याकडे दाखवतं. p च्या मागे चांदणी लावली, *p, की अर्थ होतो 'बोट दाखवतंय तो कप्पा उघड आणि आतलं बघ'. आजवर मी लिहीत होतो *p = *p + 1; म्हणजे कप्पा उघड, आत आहे त्यात एक घाल, परत ठेव. पुस्तकात एका प्रकरणात *p++ असं सुटसुटीत लिहिलेलं सापडलं. पडद्यावर शब्द उमटवायला मी तेच वापरतो आणि छान चालतं. दोन अधिक म्हणजे एकाने वाढव, चांदणी म्हणजे कप्प्यातलं. मग कप्प्यातलं एकाने वाढव, झालं की! ओळ अर्ध्यावर आली.

कम्पायलर, म्हणजे आपलं लिहिणं यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा तो गृहस्थ, पिवळ्या अक्षरांत काहीतरी कुरकुरला: काढलेली किंमत वापरलीच नाही वगैरे. त्याला कुरकुरायची सवयच आहे. पिवळी अक्षरं बंदच करून टाकली. घरात कटकट नको.

ताई झोपली होती, म्हणून चालवून बघितलं नाही; मंगळवारी बाई यायच्या आधी पेटीत घालीन. मशिन गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मी चिंधीवर टीप मारून दाखवायचो, कधी चुकलो नाही. पण ही एवढीशी ओळ. हिला कसली चिंधी लावायची!

मंगळवार, ११

लिहायला हात होत नाही.

डॉक्टरीणबाई सभ्य होत्या. खुर्ची ओढून ताईच्या शेजारी बसल्या, हळू आणि स्वच्छ बोलल्या. म्हणाल्या, "मला पाणी दाखवा बरं." दिवा पाण्यावरच होता. ताईनं बटण दाबून धरलं. घंटा वाजली आणि पेटी म्हणाली, 'दुखतंय'.

"दुखतंय? कुठे दुखतंय?"

ताई पेटीकडे बघतच राहिली.

"बरं, खिडकी दाखवा." ताईनं दोन टिचक्या मारून दिवा खिडकीवर नेला, मी डोळ्यांनी पाहिलं. दाबून धरलं. पेटी म्हणाली, 'नको'.

बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग विचारलं, "इथे भावाकडे बरं वाटतं का? इथेच राहायचंय?" ताईनं लगेच बटण दाबलं, अगदी जोर लावून दाबलं, आणि पाचही दिवे विझले. घंटा नाही, काही नाही. त्यानंतर किती टिचक्या मारल्या तरी पेटी ठार मुकी.

"वायर सैल झाली असणार!" मी ओरडलो.

"मामा," भाचा एवढंच म्हणाला. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

बाईंचा निर्णय: समज असल्याचं दिसत नाही. भाचा सोमवारी गाडी घेऊन येणार आहे. मी त्याला सांगितलं, दारात आडवा पडेन. तो म्हणाला, "पडू नका, कंबर धरेल." आणि रडायला लागला. मग मीही.

गुरुवार, १३

देवा, मी किती मूर्ख आहे, ते आज कळलं. आणि ताई किती हुशार आहे, तेही!

वायरी सगळ्या ठोकून-ठाकून पाहिल्या, एकही सैल नव्हती. पेटी मंगळवारी रात्रीच बंद करून पुन्हा चालू केली होती, दिवे लागले होते. आज दुपारी खोलीत उकडत होतं. मी दाराशी उभा होतो, ताईला दिसत नव्हतो. तिची नजर खिडकीवर, पण बोटानं दिवा नेऊन थांबवला 'कूस बदला'वर. तिथे दाबून धरलं. पेटी म्हणाली, 'खिडकी'.

मी खिडकी उघडली. ताईनं वाऱ्याकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

म्हटलं, चुकून झालं असेल. मुद्दाम तिची उशी वाकडी केली. ताईनं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मला पाटीवर रेघोट्या मारताना पकडायची तसं. मग टिचक्या मारत दिवा 'दुखतंय'वर नेला. तिथे दाबलं. पेटी म्हणाली, 'कूस बदला'.

पेटी एक कप्पा पुढचं बोलतेय हे हिनं दोन दिवसांत ओळखलं आणि आता ती एक कप्पा अलीकडचं मागतेय! जन्मभर तिनं एक्स्चेंजमध्ये दिवे बघून तारा जोडल्या. कोणती खुंटी खोटं बोलते, हे तिला कोणी शिकवायला नको. माझ्या चुकीला वळसा घालून ती माझ्याशी बोलत होती आणि मी वायरी आवळत बसलो होतो.

मग एकदम लक्षात आलं. पाणी पहिलं आहे. पाण्याच्या अलीकडे कप्पाच नाही. मंगळवारपासून तिला पाणी मागताच येत नव्हतं. मी देत होतो तेवढंच ती पीत होती.

पेला तिच्या ओठांना लावला. पूर्ण प्यायली. दुसराही प्यायली. मी "ताई, ताई" एवढंच म्हणत होतो. तिनं डाव्या हाताच्या बोटानं माझ्या मनगटावर एक टिचकी मारली. पुढे चल, असं.

शुक्रवार, १४

चोर सापडला. रविवारी ज्या ओळीची लांबण काढली, तीच.

ताईच्या पलंगावर दोऱ्याची रिकामी रिळं रांगेनं मांडली आणि तिलाच समजावत बसलो, कारण दुसऱ्याला समजावल्याशिवाय मला काही कळत नाही. *p++ यात p एकटा आणि त्याला ओढणारे दोघं: डावीकडून चांदणी, उजवीकडून दोन अधिक. दोघांनी एकदम ओढलं तर कोणाचं चालायचं? मला वाटलं चांदणीचं, कारण ती आधी लिहिली आहे. पण सीच्या घरात मान ठरलेला आहे आणि मागे चिकटलेल्या दोन अधिकांचा मान चांदणीच्या वर. म्हणजे p आधी त्यांचा. वाढलं ते बोट! बोट पुढच्या कप्प्यावर गेलं. चांदणीच्या वाट्याला काय आलं, तर बोट आधी जिथे होतं तो जुना कप्पा उघडून नुसतं डोकवायचं. आतलं कोणी मागितलंच नव्हतं, म्हणून ते तसंच टाकून दिलं. कप्प्यात काही वाढलं नाही आणि बोट मात्र पुढे सरकलं. खालची ओळ घंटा वाजवून शब्द दाखवते, तो बोट असेल तिथला. म्हणून पाण्याचं दुखणं झालं.

आणि पिवळी अक्षरं हेच ओरडत होती: काढलंस ते वापरलंच नाहीस! मी त्यांचं तोंड दाबलं. कम्पायलरसाहेब, चुकलो. आजपासून तुम्ही हवं तेवढं कुरकुरा.

उपाय काय, तर दोन कंस. (*p)++. कंसानं मानपान मोडून काढला: आधी कप्पा उघड, मग त्यातलं वाढव. बोट जागचं हलायचं नाही.

रागाच्या भरात मी सगळ्या प्रोग्रॅमभर कंस ठोकले. मग पडद्यावर शब्द उमटवणारा भाग येडा झाला. पहिल्याच अक्षरावर पाय रोवून बसला आणि तेच अक्षर बदलत बदलत कचरा ओकायला लागला. कारण तिथे मला खरोखर *p++ च हवं आहे: हे अक्षर घे, आणि बोट पुढच्यावर ने. म्हणजे ती ओळ खोटी नव्हतीच. एका जागी शहाणी, दुसऱ्या जागी घातकी. काय हवंय ते आपल्याला ठाऊक पाहिजे. तिथले कंस काढले.

आणि 'नको' सगळ्यात शेवटचं. त्यावर दाबलं की बोट रांगेच्या बाहेर पडायचं, जिथे कप्पाही नाही आणि दिवाही नाही. मग परतीची वाट त्याला सापडायची नाही. म्हणून मंगळवारी पेटी विझली. बाईंनी तेव्हा काय विचारलं होतं, ते आता नीटसं आठवत नाही. असो.

या वेळी चिंधीवर टीप मारून पाहिली. पाचही दिवे, पुन्हा पुन्हा. पाणी मागितलं, पाणीच आलं.

शनिवार, १५

भाच्याला फोन केला. "सोमवारी गाडी आण, पण डॉक्टरीणबाईंनाही आण. चूक माझी होती, तिची नव्हती. पुन्हा तपासा."

"मामा, एकदा झालं ना..."

"त्या दिवशी मी नापास झालो, ती नाही! तुझ्या आईला माझ्या गुणांवर नापास करणार आहेस?"

त्यानं विचारलं, "काय झालं होतं?" मी ओळ वाचून दाखवली. तिकडून आधी हुंकार आला, मग हसू. "चांदणी आणि प्लस प्लस. मामा, मीही एकदा यातच पडलोय. आख्खं ऑफिस माझ्या नावानं शंख करत होतं." थांबून म्हणाला, "लांबण म्हणालो नसतो तर बरं झालं असतं."

"ते सोड. बाईंना आण."

आता बघाच. ताई त्यांच्या तोंडावर सांगेल, मी इथेच राहणार म्हणून.

सोमवार, १७

बाई आल्या. भाचा आला. सिस्टर काम संपूनही थांबली.

पाणी? पाणी. खिडकी? खिडकी. बाईंनी उशी वाकडी करून बघितली, ताईनं 'कूस बदला' सांगितलं. बाईंनी मुद्दाम भाच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुमचे भाऊ का?" 'नको'. सिस्टर फिस्सकन हसली. 'नाही' म्हणायला माझ्या पेटीत दुसरं काही नव्हतंच. माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटतं की काय.

"समज उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "माझं आधीचं मत मी मागे घेते." भाच्यानं आईचा हात कपाळाला लावला. मी म्हटलं, "आता विचारा तिला, कुठे राहायचंय. तिचा शब्द शेवटचा, टाळी दिलीय याने."

बाईंनी विचारलं, "इथेच, भावाकडे राहायचंय?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग टिचक्या. पाणी गेलं, दुखतंय गेलं, कूस गेली, खिडकी गेली. थांबली. दाबून धरलं.

घंटा वाजली. 'नको'.

"पेटी पुन्हा बिघडली!" मी प्लग काढायला वाकलो.

घंटा पुन्हा वाजली. 'नको'.

"सूप नको म्हणत असेल—"

"मामा, सूप कुठाय इथे?" भाचा अगदी हळू म्हणाला. "थांबा ना."

बाईंनी विचारलं, "मग मैत्रीण राहते तिथे, संस्थेत जायचंय?"

दिवा 'नको'वरच होता. नुसतं दाबायचं होतं. ताईनं बटणावरचं बोट उचललं आणि चादरीवर ठेवलं.

"काका," सिस्टर म्हणाली, "'नको' नाही म्हटलं की..."

"माहितीय मला!" मी ओरडलो आणि स्वयंपाकघरात गेलो. पडद्यावर अजून तो शब्द होता. अक्षर न अक्षर बरोबर.

बुधवार, १९

दोन दिवस कोणाशी बोललो नाही. ताईशीही नाही, आणि हे तर मला जन्मात जमलं नव्हतं. या घरात तिला काय कमी केलं? आवाज येऊ दिला नाही, माणसं येऊ दिली नाहीत, दार कायम लावलेलं—

लिहिता लिहिता थांबलो. उठून दार उघडून आलो. रस्त्यावर कोणी तरी कोणाला तरी शिव्या घालत होतं. ताई मान वळवून कान देऊन ऐकत होती. चेहरा घुबड आली होती त्या दिवशीसारखा.

दुपारी पेटी उघडली. सहावा दिवा बसवला. आतली रांग सहाची केली, शेवटचा कप्पा कोणता तेही बदललं, नाहीतर 'नको' पुन्हा रांगेबाहेर पडायचं. 'हो' सगळ्यात पहिला ठेवला, पाण्याच्याही आधी.

विचारलं, "जायचंय ना तुला?"

टिचकी मारावीच लागली नाही.

रविवार, २३

ताईला सोडून आलो. म्हणजे सोडून वगैरे काही नाही, पोचवून आलो.

लांबच लांब हॉल, दोन्हीकडे पलंग, आणि बायकांचा असा गिल्ला की माझं डोकं उठलं. घुबडानं शेजारचा पलंग आधीच अडवून ठेवला होता. "या धाकटे! कैदी आणलात का?"

"पेटीला हात लावाल तर याद राखा," मी म्हटलं.

"हात लावू नको तर शिकू कशी? सगळ्याजणींना शिकायचंय."

तिथल्या नर्सला सगळं नीट समजावलं. भाचा पेटी जोडून देत होता, मी त्याच्या डोक्यावर उभा राहून चुका काढत होतो. पिवळी अक्षरं चालू ठेवली आहेत, हे त्याला दोनदा सांगितलं. कवळी पळवणारी बाई कोण, तेही कळलं. ती ताईच्या समोरच आहे.

सगळे निघाले तरी मी खुर्चीवरून हललो नाही. ताईच्या कानाशी वाकून विचारलं, "अजून थोडा वेळ बसू का ग?"

ताईनं डोळे बारीक केले. दिवा 'हो'वर होता. टिचकी. टिचकी. सगळ्या चित्रांवरून, घाई न करता, शेवटपर्यंत. मग दाबून धरलं.

घंटा अशी खणखणीत वाजली की हॉलभर बायका वळून हसल्या. 'नको'.

बोट जराही घसरलं नाही. माझे कंस घट्ट बसलेत.

उद्या सकाळी जाणार आहे. तिला काय दाबायचंय ते दाबू दे.